सापळ्यात शिरलेले मासे आणि सकाळी हाती आलेले मासे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कुही तालुक्यातील एका लहान तलावात आणि त्याच्या सांडव्याखालील नाल्यात आपली संस्था सापळे लावते. काही सापळे बांबूच्या कामट्यांचे आहेत, तर काही लोखंडी सळईवर नायलॉन जाळी ताणून केलेले आहेत. आमिष सगळ्यांत एकच असते, तरी काही सापळ्यांत रोज मासे मिळतात आणि काही आठवडाभर रिकामे राहतात. आमिष अनेकदा बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा सापळ्याचे यश नेमके कशावर अवलंबून असते, असे आपण विचारले आहे. नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तलाव, नाले आणि धरणांच्या फुगवट्यांवर मच्छीमारांबरोबर काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. सकाळी सापळ्यात जे मासे दिसतात ते रात्रभरात शिरलेले सगळे मासे नसतात. शिरलेल्यांतून निसटलेले आणि आतच खाल्ले गेलेले वजा करून जे उरतात तेच आपल्याला दिसतात. म्हणून रिकाम्या सापळ्याकडे पाहताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात : मासा सापळ्यापर्यंत आला का, आला तर आत शिरला का, आणि शिरला तर टिकला का? आमिषाचा संबंध मुख्यत्वे पहिल्या आणि काही अंशी दुसऱ्या प्रश्नाशी आहे. तिसऱ्या प्रश्नावर आमिष काहीही करू शकत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडील बहुतेक सापळे तिथेच कमी पडतात.

निसटण्याचा हा हिशोब अभ्यासातूनही दिसून आला आहे. जे. एल. मन्रो यांनी कॅरिबियन समुद्रातील सापळ्यांवर काम करून १९७४ साली मांडले की, सापळ्यात जितके मासे असतील त्यांचा साधारण ठरावीक हिस्सा दररोज बाहेर पडतो, आणि त्यामुळे सापळा जास्त दिवस ठेवला तरी उत्पन्न एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. तो अभ्यास समुद्रातला असला तरी तर्क आपल्या तलावालाही लागू पडतो. समजा, एका सापळ्यात दर रात्री १० मासे शिरतात आणि आत असलेल्यांपैकी निम्मे पुढच्या रात्रीपर्यंत निसटतात. मग पहिल्या रात्रीनंतर १०, दुसऱ्या रात्रीनंतर १५, तिसऱ्या रात्रीनंतर १७ ते १८ मासे राहतील, आणि कितीही दिवस वाट पाहिली तरी आकडा २० च्या वर जाणार नाही. तोच सापळा रोज पहाटे रिकामा केला असता तर तीन दिवसांत ३० मासे मिळाले असते. आठवड्यातून दोनदा सापळे उचलणाऱ्या संस्थांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. संध्याकाळी लावणे आणि पहाटे उचलणे हा जुन्या मच्छीमारांचा शिरस्ता म्हणूनच योग्य आहे.

निसटणे कमी करायचे असेल तर सापळ्याचे नरसाळ्यासारखे तोंड नीट तपासावे. बाहेरचा घेर मोठा असावा, म्हणजे कडेने येणारा मासा आपोआप आत वळतो. आतले भोक मात्र, जो मासा हवा आहे त्याच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडेच मोठे ठेवावे. भोक फार अरुंद केले तर मासा डोके घालून मागे फिरतो आणि फार रुंद ठेवले तर आलेल्या वाटेने निघून जातो. पाव किलोच्या आसपासच्या मागूरसाठी मी ५ ते ७ सें.मी. पासून सुरुवात करून पुढे अनुभवाने बदल करतो. भोकाच्या आकाराइतकीच त्याची जागाही महत्त्वाची असते. कोंडलेला मासा भिंतीला लागून फिरत राहतो, म्हणून भोक भिंतीच्या सपाटीत असले तर ते त्याला लवकर सापडते. नरसाळे सापळ्याच्या मध्यापर्यंत आत आलेले असेल, तर भिंतीने फिरणारा मासा त्याच्या मागून निघून जातो आणि भोक त्याच्या वाटेत येत नाही. कामट्यांच्या सापळ्यात नरसाळ्याची आतली टोके मोकळी, लवचीक आणि किंचित एकमेकींकडे झुकलेली ठेवतात. मासा आत जाताना ती बाजूला होतात आणि परत येताना टोचतात. ही टोके मोडली की सापळा बाहेरून धडधाकट दिसला तरी त्याचा उपयोग संपतो. आपले जे सापळे सतत रिकामे राहतात, त्यांची टोके सर्वांत आधी हाताने चाचपून पाहावीत. नायलॉनच्या सापळ्यांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते : नरसाळे नीट ताणलेले नसेल तर ते पाण्यात लोंबते, भोक मिटते आणि मासा शिरूच शकत नाही. शक्य असेल तिथे सापळ्याचे दोन कप्पे करून दुसऱ्या कप्प्याला स्वतंत्र नरसाळे द्यावे. बनवायला वेळ जास्त लागतो, पण दोन भोके एकामागून एक शोधून बाहेर पडणारे मासे फार थोडे असतात.

कामट्यांमधील फटी आणि जाळीचा आस, म्हणजे तिच्या विणीतील छिद्राचा आकार, यांवर कोणता मासा राहणार ते ठरते. फार बारीक आसाच्या जाळीवर शेवाळ लवकर धरते, त्यातून पाणी खेळत नाही आणि आमिषाचा वास बाहेर जात नाही. शिवाय बोटभर पिल्ले अडकून मरतात, जी पुढच्या वर्षी आपल्याच तलावात मोठी झाली असती. बांबू नवा असेल तर तो काही दिवस पाण्यात बुडवून ठेवून मगच वापरावा. त्याचा रस निघून जातो, तो जड होतो आणि तळाशी स्थिर बसतो. सापळा स्थिर बसणे ही लहान गोष्ट वाटते, पण लाटेबरोबर हलणाऱ्या सापळ्याजवळ मासा थांबत नाही.

आता जागेविषयी. माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठा फरक जागेने पडतो. सापळा माशाच्या मागे जात नाही, म्हणून मासा ज्या वाटेने आपणहून जातो त्याच वाटेवर तो असला पाहिजे. गोड्या पाण्यातील बरेच मासे उघड्या पाण्यातून सरळ न जाता काठ, गवताची कड, दगडांची रांग किंवा बुडालेल्या झाडाचे खोड धरून जातात. गवत जिथे संपते आणि मोकळे पाणी सुरू होते त्या कडेला लावलेला सापळा, तिथून दहा-पंधरा पावलांवर मोकळ्या तळावर लावलेल्या सापळ्यापेक्षा बहुधा चांगला चालतो. आपले काही सापळे सतत यशस्वी ठरतात याचे कारण बहुतेक यातच असावे. वाट नसेल तिथे ती तयारही करता येते. काठापासून आडवा बांबूचा ताटवा किंवा जाळीची भिंत उभी करून तिच्या खोल पाण्याकडील टोकाला सापळा लावावा. काठाने येणारा मासा अडथळ्यापाशी अडतो, खोल पाण्याकडे वळतो आणि भिंतीला लागून थेट तोंडात जातो. अशा सापळ्याला आमिषाची गरजही भासत नाही.

सांडव्याखालच्या नाल्यात तोंडाची दिशा ऋतूप्रमाणे बदलावी लागते, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. मौदा, रामटेक, कुही या धानाच्या पट्ट्यात जूनअखेरीपासून जोराचा पाऊस झाला की नाले वाहू लागतात आणि मागूर, शिंगी, मरळ व अनेक लहान मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत अंडी घालायला जातात. त्या काळात सापळ्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला असेल तरच चढणारा मासा त्यात येतो. सप्टेंबर–ऑक्टोबरात पाऊस ओसरून बांध्यांतले पाणी उतरू लागले की तेच मासे आणि त्यांची पिल्ले खाली परततात. तेव्हा तोंड वरच्या दिशेला हवे. जुलैत भरभरून मासे देणारा सापळा त्याच जागी, त्याच तोंडाने ऑक्टोबरात रिकामा राहिला, तर त्यात नवल नाही. मात्र चढत्या माशांच्या पोटात अंडी असतात. नाल्याची पूर्ण रुंदी अडवून ते सगळे पकडले तर दोन-तीन वर्षांत तो नालाच रिकामा होतो. म्हणून चढतीच्या काळात किमान अर्धा प्रवाह मोकळा ठेवावा, आणि तोही खोल बाजूचा, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे. उतरतीच्या काळातील मासेमारी तुलनेने कमी नुकसान करते, पण तेव्हाही पिल्ले निघून जातील एवढ्या फटी सापळ्यात असाव्यात.

तलावात आणि गोसीखुर्दसारख्या प्रकल्पाच्या फुगवट्यात प्रवाहाऐवजी पाण्याची पातळी पाहावी. पाणी चढत असताना मासे नव्याने बुडालेल्या गवतात, किडे आणि गांडुळे खायला काठाकडे येतात. तेव्हा गुडघाभर पाण्यातील सापळेही भरतात. सिंचनासाठी पाणी सोडले जाऊन पातळी घटू लागली की मासे काठ सोडतात आणि खोल वाटांनी मागे सरतात. अशा वेळी सापळे काठापासून दूर, जुन्या नाल्याच्या बुडालेल्या पात्रात हलवावेत.

आमिषाबद्दल आपण सर्वाधिक विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. आधी हे ठरवावे की आपल्याला कोणता मासा हवा आहे. मागूर, शिंगी, शिंगटी हे मिशांचे मासे रात्री वास आणि चव यांवर अन्न शोधतात. त्यांच्यासाठी कोंबडीची आतडी, ठेचलेले झिंगे किंवा गांडुळे उत्तम. मरळ हलते भक्ष्य पाहून झडप घालते, मेलेल्या आमिषाला ती फारशी दाद देत नाही. मात्र सापळ्यात आधीच शिरलेल्या लहान माशांमागे ती आत येते. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे तळाशी ठेवलेल्या सापळ्यात त्याची अपेक्षाच धरू नये. आपल्या संस्थेने तलावात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले असेल तर त्यांची काढणी जाळ्यानेच करावी. सापळा हे त्यांच्यासाठी योग्य साधन नाही. मृगळ तळाशी चरतो आणि ढेपेच्या गोळ्याला क्वचित येतो, एवढाच अपवाद.

ढेपेचा विषय निघाला म्हणून एक इशारा देणे आवश्यक आहे. शेंगदाण्याची किंवा जवसाची ढेप आमिष म्हणून चालते, पण मोहाची ढेप कधीही वापरू नये. तिच्यात सॅपोनिन असते, जे माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी हीच ढेप एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे २५०० किलो या प्रमाणात मुद्दाम टाकतात. विदर्भात ती सहज मिळते, आणि इतर ढेपेबरोबर तिची गल्लत होऊ शकते.

आमिषाचा वास पाण्यात विरघळून पसरतो, आणि तो सर्वाधिक सुटतो पहिल्या काही तासांत. दुपारी लावलेले आमिष उन्हाळ्याच्या गरम पाण्यात रात्र होईपर्यंत निस्तेज होते, म्हणून ते अंधार पडण्याच्या सुमारास घालावे आणि रोज ताजे घालावे. भोके पाडलेल्या डब्यात किंवा बारीक जाळीच्या पुरचुंडीत बांधून ते सापळ्याच्या मागच्या भागात, भिंतीपासून दूर लटकवावे. भिंतीला लागून ठेवले तर मासे बाहेरूनच कुरतडतात. वाहत्या पाण्यात वास खाली जातो आणि मासा वासामागोमाग वर येतो, त्यामुळे आमिषाच्या सापळ्याचे तोंड नेहमी खालच्या दिशेला हवे. ऑक्टोबरातल्या उतरत्या माशांसाठी तोंड वर असते, तेव्हा आमिषाचा वास तोंडाच्या उलट दिशेला जातो आणि मासे सापळ्याच्या पाठीमागे गोळा होतात. त्या सापळ्यात आमिष घालूच नये.

तापमान आणि प्राणवायू यांचा परिणाम थेट माशाच्या हालचालीवर होतो. सापळ्याचे उत्पन्न माशाच्या फिरण्यावर अवलंबून असल्याने, मासा कमी फिरला की सापळा कितीही चांगला असला तरी रिकामाच राहतो. आपल्याकडे डिसेंबर–जानेवारीत उथळ पाणी रात्री फार थंड होते, मासे खोल पाण्यात जातात आणि चरणे कमी करतात. त्या दिवसांतील घट ही सापळ्याची उणीव समजू नये. एप्रिल–मे मध्ये उलट स्थिती असते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे गरम पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. तिथे ठेवलेला सापळा रिकामा राहतो, किंवा वरून ओढत नेलेला मासा त्यात मरतो. सांडपाणी आणि जलपर्णी असलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या फुगवट्याकडे येते, त्यामुळे आपल्या तालुक्यातील ज्या भागांना ते पाणी लागते तिथे मासे स्वच्छ पाण्याच्या नाल्यांच्या मुखाशी एकवटतात. सापळे तिथेच लावावेत.

मागूर, शिंगी आणि मरळ हे मासे हवेतूनही श्वास घेतात आणि त्यांना अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते. पूर्ण बुडालेल्या सापळ्यात ते गुदमरून मरू शकतात, आणि मेलेल्या माशाला बाजारात भाव नसतो. म्हणून सापळ्याचा वरचा वीतभर भाग पाण्याबाहेर राहील अशी जागा निवडावी. याचा दुसरा लाभ असा की आत अडकलेले कासवही जिवंत राहते आणि पहाटे सोडून देता येते. कासवांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे संस्थेतील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

पाण्याचा गढूळपणा, चंद्र आणि हवेचा दाब यांवर गावोगावी बरीच चर्चा होते. पहिल्या पावसाने काळ्या मातीचा गाळ आला की दृष्टीवर चालणारे मासे सुस्तावतात, पण वासावर चालणारे मिशांचे मासे अधिक फिरतात आणि सापळाही त्यांना दिसत नाही. त्या काळात मागूर-शिंगीचे उत्पन्न वाढते. स्वच्छ पाण्यात अंधाऱ्या रात्री चांदण्या रात्रींपेक्षा बऱ्या, असे माझेही निरीक्षण आहे, परंतु गढूळ पाण्यात हा फरक उरत नाही. हवेच्या दाबाचे स्पष्टीकरण मात्र मला पटत नाही. दाब १० मिलिबारने बदलणे ही हवामानातील मोठी घडामोड असते, आणि माशाला तेवढाच बदल केवळ १० सें.मी. वर किंवा खाली गेल्याने अनुभवाला येतो. वादळापूर्वी मासे जास्त मिळत असतील तर त्याचे कारण वारा, ढगाळ उजेड किंवा वाढते पाणी यांत शोधावे.

आत शिरलेली एखादी मोठी मरळ किंवा शिवडा रात्रभरात इतर मासे फस्त करते, हेही उत्पन्न घटण्याचे एक कारण आहे. नुसते खवले आणि अर्धवट मासे दिसले तर ते तेच समजावे. खेकड्यांनी कापलेली नायलॉन जाळी रोज तपासावी. हरवलेला नायलॉनचा सापळा महिनोन्महिने मासे मारत राहतो, म्हणून त्याचे एक दार तागाच्या सुतळीने बांधावे. सुतळी कुजली की दार आपोआप उघडते.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आपल्या तलावावरच मिळेल, आणि ते असे काढावे. प्रत्येक सापळ्याला क्रमांक द्या. रोज पहाटे क्रमांक, जागा, खोली, तोंडाची दिशा, माशांची जात आणि संख्या वहीत लिहा. आठवडाभर असे केल्यावर सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट असे दोन सापळे निवडून त्यांच्या जागांची अदलाबदल करा, बाकी काहीही बदलू नका. यश जागेबरोबर राहिले तर कारण जागेत आहे, आणि वाईट सापळे गवताच्या कडेला किंवा ताटव्याच्या टोकाला हलवावेत. यश सापळ्याबरोबर गेले तर दोष बांधणीत आहे, आणि नरसाळ्याची टोके, भोकाचा आकार, जाळीचा ताण या क्रमाने तपासावे. आमिषाचा प्रयोग त्यानंतर करावा, आणि तोही दोन सारख्या सापळ्यांत, एकाच रात्री, दुसऱ्या रात्री आमिषांची अदलाबदल करून. एका रात्रीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये; किमान आठ-दहा रात्रींचे आकडे समोर असावेत. आपण ही वही महिनाभर ठेवलीत तर तिच्या आधारे नरसाळ्याचे माप आणि जागा यांविषयी मी अधिक निश्चित सल्ला देऊ शकेन. तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयातही ती वही घेऊन गेल्यास पाण्याच्या तपासणीबाबत विचारता येईल.